राजाश्रय, तिकीट आणि अनुदान

कलेला आश्रय देणाऱ्याने किती दिले, यापेक्षा त्याचा हात मागे सरल्यावर काय उरले, हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरतो. अक्कलकोटसारख्या संस्थानी गावात तर तो टाळताच येत नाही. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि त्याबरोबर राजाश्रयाचा आधारही गेला. अशा आश्रयानंतर कलेने कशावर जगायचे, याचे एक उत्तर मराठी रंगभूमीच्या प्रारंभकाळातच सापडते.

कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहून सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी विष्णुदास भावे यांना तशा धर्तीचे मराठी नाटक रचण्यास सांगितले. त्यातून १८४३ साली 'सीतास्वयंवर' रंगमंचावर आले. कानडी आणि मराठी एकाच बाजारात ऐकणाऱ्या अक्कलकोटकरांना या देवघेवीचे नवल वाटण्याचे कारण नाही. पुढे १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले, आश्रय तुटला आणि भाव्यांवर कर्ज उरले. ते फेडण्यासाठी त्यांनी मंडळी घेऊन दौरे काढले. १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. मराठी रंगभूमीच्या व्यवसायाचा पाया येथे घातला गेला.

या घटनेकडे आपण बहुधा भाव्यांच्या जिद्दीची कथा म्हणून पाहतो. परंतु दरबारच्या आठ वर्षांच्या आश्रयात नट तयार झाले होते, आख्याने रचून झाली होती, प्रयोगाची रीत बसली होती. तिकिटावर विकता येईल असे काही हाती होते, म्हणूनच तिकीट लावता आले. अर्थात केवळ उत्पन्न पुरेसे नसते. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीची लोकप्रियता आणि तिच्यावरचे कर्ज, दोन्हींची चर्चा आजही होते. गल्ला भरणे आणि संस्था चालवणे ही दोन वेगळी कौशल्ये आहेत.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. 'घाशीराम कोतवाल'वरून झालेल्या वादानंतर १९७३ मध्ये पुण्यात थिएटर अकॅडमी स्थापन झाली. पाठीशी संस्थानिक नव्हता आणि धंदेवाईक कंपनीचे स्वरूपही नव्हते. या संस्थेच्या दोन योजनांना १९८५ ते १९९४ या काळात फोर्ड फाउंडेशनचे साहाय्य लाभले: एक नाटककारांच्या विकासाची, दुसरी प्रादेशिक नाट्यसंस्थांच्या विकासाची. त्यांची आखणी सतीश आळेकर यांनी केली होती. येथे एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. हा पैसा एखाद्या प्रयोगाच्या नेपथ्यापुरता नव्हता. तो नवे लेखन घडवण्यासाठी आणि पुण्यामुंबईबाहेरच्या संस्था उभ्या राहाव्यात यासाठी होता. ज्या कामाचा खर्च तिकीटखिडकीवर कधीच वसूल होत नाही, परंतु ज्याच्याविना उद्याचे तिकीट विकले जाणार नाही, नेमके ते काम अनुदानाने पेलले.

परदेशी पैशाविषयी डाव्या विचारांच्या मंडळींनी तेव्हा आक्षेप घेतले आणि ते सर्वस्वी निराधार नव्हते. दाता आपली आवड सोबत आणतो. सांगलीच्या दरबारानेही पौराणिक आख्यानेच मागितली होती. दात्याच्या आवडीतून सुटण्याचा मार्ग स्वतःच्या कमाईतून जातो. पण प्रेक्षकही एक प्रकारचा धनीच असतो आणि त्याचीही मर्जी असते. म्हणून कलासंस्थेला दोन्ही आधार हवेत. एकाच्या जोरावर दुसऱ्याला नकार देता आला पाहिजे.

आज तालुक्याच्या गावात महोत्सवाच्या मांडवाला, पाहुण्यांच्या सत्काराला देणगी मिळते. वर्षभर तालमीच्या जागेचे भाडे भरणाऱ्या, हिशेब लिहिणाऱ्या, प्रेक्षकांच्या याद्या ठेवणाऱ्या माणसासाठी मात्र ती मिळवणे फार कठीण जाते. नाट्यसंस्थेची कमाई याच कंटाळवाण्या कामांतून वाढते. आपल्या महाविद्यालयांत नाट्यवाङ्मयाचा इतिहास शिकवताना नाटककार आणि नट यांच्या जोडीला त्या नाटकांचे जमाखर्चही अभ्यासले गेले, तर भावे सांगलीबाहेर का पडले आणि पडून टिकले कसे, हे विद्यार्थ्यांना अधिक नेमके कळेल. त्यांच्यापैकी कोणी उद्या आपल्या गावात संस्था काढली, तर त्यांना ते उपयोगीही पडेल.