आगगाडी आणि जुन्नर

आगगाडीनें गांवाचा कायापालट कसा होतो हें सांगावयाचें झालें कीं मनमाड, दौंड, भुसावळ हीं नांवें सहज ओठांवर येतात. दोन रेलमार्ग एकत्र मिळाले आणि लहानशा खेड्यांच्या पेठा झाल्या. परंतु आगगाडीचें सामर्थ्य खरोखर जोखावयाचें तर ती जेथें गेली तेवढींच गांवें पाहून भागत नाहीं. जीं गांवें तिच्या वाटेवर आलीं नाहींत तींहि पाहावीं लागतात. पुणें जिल्ह्याच्या उत्तर टोकाचें जुन्नर हें अशा गांवांपैकीं एक होय.

जुन्नरचें भाग्य घाटानें घडविलें होतें. कल्याण आणि सोपारा या बंदरांतून निघालेला माल नाणेघाटाच्या पायऱ्या चढून जुन्नरच्या पठारावर येई. घाटमाथ्यावरील लेण्यांत सातवाहन राणी नागनिका हिचा शिलालेख आहे, आणि जवळच असलेला दगडी रांजण जकातीचा म्हणून आजहि दाखविला जातो. जुन्नरभोंवतालच्या डोंगरांत दोनशेंहून अधिक लेणीं कोरलेलीं आहेत. त्यांतील कांहींना यवन म्हणविणाऱ्या परदेशीयांनीं दानें दिलीं. इसवी सनाच्या पंधराव्या शतकांत अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलहून येथें आला व त्यानें एक पावसाळा जुन्नरांत काढला. विक्रीसाठीं आणलेला त्याचा घोडा येथील खानानें हिरावून घेतला आणि मोठ्या मिनतवारीनें परत दिला. पुढें १४९० सालीं निजामशाही स्थापन झाली ती जुन्नरास. १६३० सालीं शिवछत्रपतींचा जन्म झाला तो गांवाच्या माथ्यावरील शिवनेरीवर. येथील हातकागदाची पेशवाईच्या दफ्तरांतहि मोठी चहा होती.

मात्र नाणेघाट ही खुरांची वाट होती, चाकांची नव्हे. पायऱ्यांवरून बैलांचे तांडे चढत. गाडा चढणें शक्य नव्हतें. १८३० सालीं मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनीं बोरघाटांतून गाडीरस्ता खुला केला, आणि व्यापाराचा ओघ दक्षिणेकडे झुकूं लागला. जुन्नरच्या उतरणीस आगगाडीपूर्वींच आरंभ झाला होता, हें येथें ध्यानांत घेतलें पाहिजे.

तरीहि ही उतरण थांबविण्याची एक संधि येऊन गेली. मुंबई-ठाणें हा पहिला रेलमार्ग १८५३ सालीं सुरू झाला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीच्या आरंभींच्या योजनेंत सह्याद्रि ओलांडण्यासाठीं माळशेज घाटाचा विचार होता, आणि माळशेजचा माथा म्हणजे जुन्नरचें अंगणच. परंतु मुख्य अभियंते जेम्स बर्कले यांनीं डोंगराची पाहणी करून तो बेत सोडला. पुण्याच्या बाजूस बोरघाट आणि नाशिकच्या बाजूस थळघाट असे दोन मार्ग त्यांनीं पसंत केले. बोरघाटाचें काम १८६३ सालीं पुरें झालें. सुमारें पावणेसोळा मैलांत १,८३१ फुटांची चढण, पंचवीस बोगदे, आणि त्या कामीं असंख्य मजुरांचे प्राण, असा हा घाट होता. थळघाट १८६५ सालीं खुला झाला. या दोन मार्गांच्या मधल्या बेचक्यांत जुन्नर व आंबेगांव हे तालुके राहून गेले.

त्याचा परिणाम सावकाश, पण निश्चित झाला. कोंकणचा माल आतां स्टेशनावर उतरूं लागला. गिरणीचा स्वस्त कागद आगगाडीनें सर्वत्र पोंचला आणि जुन्नरच्या कागद्यांचा धंदा बसला. जें गांव एके काळीं देशाचा दरवाजा होतें तें रस्त्याच्या शेवटचें गांव ठरलें. पुणें-नाशिक हमरस्ताहि जुन्नरास टाळून नारायणगांवावरून गेला. आंबेगांव तालुक्याची कथा याहून वेगळी नाहीं. कचेरी घोडेगांवीं राहिली, पण बाजारपेठ वाढली ती हमरस्त्यावरील मंचरची. आणि ज्या गांवाच्या नांवानें तालुका ओळखला जातो तें मूळचें आंबेगांव तर डिंभें धरणाच्या पाण्यांत गेलें.

आगगाडी जें काम अन्यत्र करिते तें येथें मोटाररस्त्यानें केलें. कल्याण-अहिल्यानगर रस्ता जेथें पुणें-नाशिक रस्त्यास छेदतो, त्या आळेफाट्यावर पेठ उभी राहिली. नांवांतच फाटा असलेलें तें या भागाचें जंक्शन होय. कुकडी प्रकल्पाचें पाणी आल्यावर ऊस, कांदा, द्राक्षें पिकूं लागलीं आणि नारायणगांवचा टोमॅटोचा बाजार दूरवर प्रसिद्ध झाला.

पुणें-नाशिक रेल्वेची योजना निघाली तेव्हां नासका माल लवकर बाजारीं नेऊं पाहणाऱ्या शेतकऱ्यांच्या आशा पुन्हां पालवल्या. परंतु नारायणगांवाजवळ खोडद येथें पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. दूरच्या ताऱ्यांकडून येणाऱ्या अतिक्षीण लहरी ती टिपते, आणि विजेच्या गाडीच्या सान्निध्यानें तीत व्यत्यय येईल असा आक्षेप निघाला. १८५० च्या सुमारास डोंगराच्या चढणीनें मार्ग फिरविला होता; २०२५ सालीं आकाशाच्या शांततेसाठीं आखणी बदलण्याचें रेल्वेमंत्र्यांनीं जाहीर केलें. दुर्बीण हलवितां येत नाहीं, आणि टोमॅटो थांबवितां येत नाहीं. दोन्हींस न्याय देणारी वाट शोधणें हेंच आतांच्या अभियंत्यांपुढचें काम आहे. बर्कले यांच्यापुढें निदान डोंगरच काय तो होता.