प्राप्तिकर विवरणपत्र, संघीय (अमेरिका)
अमेरिकेतील व्यक्तीने आपल्या वार्षिक उत्पन्नाचा आयआरएस या महसूल खात्याला फॉर्म १०४० वर दिलेला हिशेब. हा करभरणा नव्हे, ताळमेळ होय: १९४३ पासून पगारातून कर आधीच कापला जातो, साधारणतः १५ एप्रिलपर्यंत उरलेला भरायचा किंवा जादा गेलेला परत मागायचा. मुदतवाढ मिळते ती कागदांना, पैशांना नव्हे. पगाराच्या डब्ल्यू-२ दाखल्याची प्रत सरकारकडेही असते, मग नागरिकाला हा खटाटोप कशाला, हा आक्षेप निव्वळ नोकरदारापुरता रास्तच आहे. पण अवलंबितांमधला बदल, रोखीची कमाई, परदेशी व्याज त्या दाखल्यात दिसत नाही. करापुरता निवासी ठरलेल्या मराठी अभियंत्याला पुण्यातल्या मुदत ठेवीचे व्याजही दाखवावे लागते. भारतात भरलेल्या कराची सवलत त्याने वेगळी मागायची असते.