ठासणीची बंदूक, कोलोरॅडोचा एल्क आणि तळीयेची नाचणी

गेल्या महिन्यात माझ्या मावसभावाच्या पोरानं अमेरिकेतून एक फोटो पाठवला. पोरगा महाडात वाढला, आता कोलोरॅडोत असतो, तिथलाच नागरिक झालाय. फोटोत टेबलावर पितळी काडतुसांची रांग, बाजूला छोटा वजनकाटा. खाली लिहिलेलं, "काका, एल्कच्या सीझनची तयारी. काडतुसं घरीच भरतोय."

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा चुलतभाऊ समजा. मोठा नर ३०० किलोच्या वर जातो. हे जनावर उघड्या डोंगरउतारावर चरतं, त्यामुळे जवळ जाणं अवघड. म्हणून लांब पल्ल्याची रायफल लागते. पोरानं ७ मिलिमीटर रेमिंग्टन मॅग्नम घेतली. हे काडतूस १९६२ मध्ये बाजारात आलं, त्याच्याच पाठोपाठ १९६३ मध्ये .३०० विंचेस्टर मॅग्नम. 'मॅग्नम' हा शब्द मुळात दारूच्या मोठ्या बाटलीचा. काडतुसात नेहमीपेक्षा जास्त दारू मावते, म्हणून तेच नाव काडतुसालाही चिकटलं!

मी विचारलं, मग सगळ्यात मोठीच का नाही घेतलीस? तो म्हणाला, "काका, जेवढी ताकद जास्त तेवढा खांद्याला धक्का जास्त. धक्क्याची भीती बसली की चाप ओढताना डोळा मिटतो आणि नेम जातो. जी बंदूक न घाबरता चालवता येते तीच खरी."

घरी भरण्याचं कारणही त्यानं सांगितलं. रायफलीच्या नळीत पिळाच्या खाचा असतात आणि प्रत्येक नळीची आवड वेगळी. म्हणून वापरलेलं पितळ साफ करून मापात आणायचं, नवी टोपी बसवायची, दारू ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलायची (एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम), मग गोळी ठरलेल्या खोलीवर बसवायची. दारूचं माप पुस्तकातल्या कमी आकड्यापासून चढवत न्यायचं, कारण दाब वाढला तर बंदूक हातात फुटते. इतकं करून २०० मीटरवर नेम धरलेली गोळी ५०० मीटरवर जाईपर्यंत एक मीटरहून जास्त खाली येते. वारा आडवा असला तर बाजूलाही सरकते. "हा हिशोब पाठ नसेल तर गोळी झाडायचीच नाही," असं तो म्हणाला.

हे ऐकताना मला आमचा आजा आठवला. तोही प्रत्येक बार हातानंच भरायचा.

आज्याकडे पीकसंरक्षणाच्या लायसनची ठासणीची बंदूक होती. आधी नळीत मापानं दारू, त्यावर चिंध्यांचा बोळा, गजानं ठासायचं. मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा ठासायचं. शेवटी घोड्याखाली टोपी. नळी आतून गुळगुळीत, पिळाबिळाच्या खाचा नाहीत, म्हणून पल्ला चाळीस-पन्नास पावलांचा. पावसात दारू सर्दावली तर नुसता 'टक' आवाज. आणि एक बार गेला की दुसरा भरेपर्यंत डुक्कर दोन शेतं ओलांडून गेलेलं!

आजा सांगायचा ती एक गोष्ट घरात सगळ्यांना पाठ आहे. एका रात्री माळ्यावर बसलेला असताना नाचणीत खसफस झाली. त्यानं बंदूक उचलली, घोडा चढवला, पण झाडली नाही. थोड्या वेळानं नाचणीतून शेजारी बाहेर आला. पावसानं बांध फुटेल म्हणून कंदील न घेताच पाणी काढायला आला होता. आजा म्हणायचा, "आवाजावर बार टाकायचा नाय. डोळ्यानं बघायचं, आणि त्याच्या मागं काय हाय तेबी बघायचं."

पाचशे मीटरच्या रायफलवाल्याचा आणि पन्नास पावलांच्या ठासणीवाल्याचा नियम एकच निघाला.

आपल्या भागाला बंदूक नवी नाही. रायगडाच्या पायथ्याची माणसं आपण. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ पोलादपूर तालुक्यात. ग्रँट डफनं १८२६ मध्ये मराठ्यांचा इतिहास छापला, त्यात तो मावळ्यांना तलवारीचे आणि कोकणातल्या हेटकऱ्यांना बंदुकीचे तरबेज म्हणतो. तेव्हाची बंदूक तोड्याची. पेटता तोडा सांभाळायचा, दारू कोरडी ठेवायची आणि धीर धरायचा. पुढे चकमक आली, मग टोपी.

१८५७ चा भडकाही हातानं भरायच्या काडतुसावरूनच उडाला. एनफिल्डचं कागदी काडतूस दातानं फाडायचं आणि त्याला गाई-डुकराची चरबी लावल्याची बोलवा. उठाव दडपल्यावर इंग्रजांनी लोकांची हत्यारं काढून घेतली. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला लायसन सक्तीचं, गोऱ्याला सूट. म्हणजे साहेब सांबर मारायला मोकळा आणि शेतकऱ्याला डुकरासाठी अर्ज.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला. त्याच्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांना शेतकऱ्याची गरज माहीत होती. मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा. त्यात सुरुवातीला शिकारीचे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीनं ते दार बंद झालं. हे बरोबरच झालं असं माझं मत आहे. जंगलात सांबर-भेकर उरलं असेल तर त्यात या कायद्याचा वाटा मोठा. उभ्या पिकाला धोका करणाऱ्या जनावरासाठी कलम ११ मध्ये परवानगीची वाट ठेवलेली आहे. पण ती वाट कागदावर. आमच्याकडे त्या वाटेनं गेलेला शेतकरी मला अजून भेटलेला नाही.

आज्याची बंदूक दर निवडणुकीला ठाण्यात जमा व्हायची. आजा गेल्यावर लायसन वडिलांच्या नावावर करायला बाबा तीन वर्षं फेऱ्या मारत होते. कुठल्या कचेरीत ते लिहीत नाही, उगाच वाद नको. शेवटी नाद सोडला. बंदूक जमा ती जमाच.

आता तळीयेचं सांगतो. २२ जुलै २०२१ ला दरड कोसळली आणि ८० हून जास्त माणसं गेली. त्या आठवड्यात मी मदतीला तिथं होतो. त्याबद्दल लिहायची हिंमत आजही होत नाही. यंदा दिवाळीनंतर त्या पंचक्रोशीतले एक ओळखीचे काका भेटले. म्हणाले, "घर दुसरीकडं मिळालं, शेत जाग्यावरच ऱ्हायलं. आता रातची राखण कोण करणार? डुकरांनी नाचणी झोपवली. पुढल्या साली पेरायचीच नाय."

गोफण, बुजगावणं, डबे वाजवणं, माळ्यावर शेकोटी हे सगळं माणूस शेताजवळ झोपतो तोवर चालतं. दरडीनं लोक हलले, पोटापाण्यानं पोरं मुंबईला गेली. शेत ओस पडलं की झुडपं माजतात, झुडपांत डुकरं वाढतात, आणि शेजारच्याचं शेतही ओस पडतं.

आणि मग काय होतं? चोरून बंदुका. रात्री डोक्याला बॅटरी लावून टोळकी रानात जातात, आवाजावर बार टाकतात. २०२५ च्या सुरुवातीला पालघर जिल्ह्यात मनोरच्या जंगलात शिकारीला गेलेल्यांनी डुक्कर समजून आपल्याच सोबत्याला गोळी घातली. अशा बातम्या कोकणात दर थोड्या वर्षांनी येतात. आज्याचा नियम मोडला की असंच होणार.

कोलोरॅडोतही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एल्क बेसुमार शिकारीनं जवळजवळ संपला होता. वायोमिंगहून एल्क आणून सोडले. आज तिथं अडीच लाखांहून जास्त एल्क आहेत. किती मारायचे ते सरकार दरवर्षी ठरवतं, बऱ्याच परवान्यांसाठी सोडत निघते. रायफल घेऊन जाणाऱ्यानं भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडा घालायचा, म्हणजे दुसऱ्याला तो जनावर वाटणार नाही. आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवलाय. पोरानं रायफल घेतली तेव्हा त्यातले काही पैसे एल्कच्याच वाट्याला गेले.

अमेरिकेच्या बंदुकवेडाचं कौतुक मला मुळीच करायचं नाही. तिथं शाळांत काय होतं ते आपण वाचतो. शौकाची शिकार आपल्याकडे परत यावी असंही मला वाटत नाही. मला फक्त हिशोबाचं कौतुक आहे. किती जनावरं, किती परवाने, कोणाच्या हातात, कोणत्या दिवशी, सगळं नोंदलेलं.

आपल्याकडे कायद्याची बंदूक ठाण्यात आणि बेकायदा बंदूक रानात. डुक्कर शेतात आणि शेतकरी मुंबईत.

माझं मागणं लहान आहे. वनखात्यानं नुकसानीचा पंचनामा वेळेत करावा. शेताला कुंपण घालायला मदत मिळावी, कारण पहिला उपाय कुंपणच. आणि जिथं तेवढ्यानं भागत नाही तिथं कलम ११ ची परवानगी खरोखर मिळावी, ती ठरलेल्या, शिकवलेल्या माणसांच्याच हाती, प्रत्येक गोळीची नोंद ठेवून. ग्रामसभेत हा विषय आपणच काढायला हवा, वरून कोणी काढणार नाही.

तुमच्या घरी ठासणीची बंदूक होती का? तिचं काय झालं? आणि यंदा तुमच्याकडे नाचणी-वरी कोणी पेरली, किती हाताला लागली? जरूर सांगा. ग्रामसभेत बोलायला गावाचे आकडे लागतील, आणि ते आपल्याशिवाय कोणाकडे नाहीत.