कांगड्याचे मीठ

कर्बोदके, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे, खनिजे ही अन्नघटकांची यादी शाळेत पाठ होते. त्यांपैकी काहींची उणीव भुकेने किंवा खंगलेल्या देहाने कळते. आयोडीनचे तसे नाही. प्रौढ व्यक्तीची त्याची दैनंदिन गरज अवघी १५० मायक्रोग्रॅम. आयुष्यभराची गरज एका चमच्यातही मावेल. ते नसले तरी पोट भरते आणि चवीतही काही उणे भासत नाही.

गळ्यातील थायरॉइड ग्रंथी आयोडीनपासून संप्रेरके घडवते. थायरॉक्सिनच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. चयापचयाचा वेग आणि गर्भाच्या मेंदूची वाढ या संप्रेरकांवर अवलंबून असते. आयोडीन अपुरे पडले की पीयूषिका ग्रंथी थायरॉइडला अधिक काम करण्याचा संदेश देत राहते आणि थायरॉइड फुगते. हाच गलगंड. सुश्रुतसंहितेतही त्याचे वर्णन आहे. मात्र गळ्यावरची गाठ हे केवळ दिसणारे लक्षण होय. गर्भवतीच्या शरीरात आयोडीनची तीव्र कमतरता असेल, तर मूल मूकबधिर किंवा मतिमंद जन्मू शकते.

हिमालयाच्या पायथ्याशी हा रोग पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून होता. हिमनद्या, पाऊस आणि पूर यांनी तेथील मातीतले आयोडीन धुऊन नेले होते. मातीत नाही ते धान्यात आणि भाजीत कोठून येणार? त्यामुळे तेथलेच अन्न खाणारे सधन घरही सुरक्षित नव्हते.

१९५६ मध्ये कांगडा खोऱ्यात व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठा प्रयोग आरंभला. खोऱ्याचे तीन विभाग पाडण्यात आले. अ आणि क विभागांना आयोडीनयुक्त मीठ मिळू लागले, ब विभागाला साधे. मीठ निवडण्यामागचे कारण सरळ होते: ते गरीब-श्रीमंत सारेच रोज आणि जवळजवळ सारख्याच प्रमाणात खातात.

१९६२ पर्यंत अ आणि क विभागांतील गलगंडाचे प्रमाण सुमारे ३८ टक्क्यांवरून अनुक्रमे १९ आणि १५ टक्क्यांवर आले. ब विभागात घट झाली नाही. आयोडीनचा परिणाम निर्विवाद ठरला तो या फरकामुळेच. परंतु या पुराव्याची किंमत ब विभागाने मोजली. शेजारच्या गावांतील गळ्यांची सूज उतरत असताना तेथील मुले साधेच मीठ खात राहिली. पुढे त्या विभागालाही आयोडीनयुक्त मीठ देण्यात आले आणि तेथेही गलगंड ओसरला.

१९६२ मध्येच राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. दमट हवेत आयोडाइड टिकत नाही, म्हणून मिठात अधिक स्थिर असे पोटॅशियम आयोडेट मिसळण्याची पद्धत रूढ झाली. पुढील सर्वेक्षणांत मैदानी प्रदेशांतही ही कमतरता आढळली आणि १९८० च्या दशकात देशभरातील खाण्याचे सर्व मीठ आयोडीनयुक्त करण्याचे धोरण ठरले. १९९२ मध्ये कार्यक्रमाच्या नावातील ‘गलगंड’ची जागा ‘आयोडीन कमतरता विकार’ या व्यापक संज्ञेने घेतली.

देवीच्या रोगाप्रमाणे या विकाराचे एकदाच निर्मूलन करता येत नाही. धुऊन गेलेले आयोडीन मातीत परत येत नाही आणि शरीरही त्याचा साठा फार काळ पुरवू शकत नाही. मिठातले आयोडीन थांबले, तर काही वर्षांत गलगंड परततो. म्हणूनच ही चिमूट प्रत्येक पिढीला रोज नव्याने द्यावी लागते.