गायलं कोण?

चौफुल्याला पहिल्यांदा संगीतबारी बघून आलो आणि रात्रीच पानभर परीक्षण लिहून काढलं. पावलांची गती, चाळांचा आवाज, शालूचे रंग, सगळं त्यात होतं. पुढच्या खेपेला ते तिथल्या एका वयस्कर गायिकेला वाचून दाखवलं. ती एवढंच म्हणाली, ‘‘बाळा, गायलं कोण ते कुठंय?’’

संगीतबारीत लावणी बायका स्वतः गातात. मागे पेटी, तबला, ढोलकी आणि त्यांच्या शेजारीच गाणारी, नाचणाऱ्या पुढे. मला फक्त पुढचं दिसलं होतं. माझी नजर सिनेमानं घडवलेली. ‘सांगत्ये ऐका’ (१९५९), ‘पिंजरा’ (१९७२) या चित्रपटांनी लावणी घरोघरी नेली हे खरं, पण पडद्याला गिरकी हवी आणि गाणं काही मिनिटांत संपायला हवं.

बैठकीच्या लावणीला घाई चालत नाही. कलावंतीण बसून गाते आणि गाता गाता अदा करते. एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते. एकदा रुसवा, एकदा आर्जव, एकदा नुसती उचललेली भुवई. शब्द तेच, अर्थ दर वेळी नवा. हे उमजायला मला कितीतरी बैठका लागल्या. सुरुवातीला तर मी चक्क डोळे मिटून ऐकायचो, मग उघडायचो. सूर कुठे वळला आणि बोटं कुठे वळली, ते तेव्हा जुळायला लागलं.

त्या वयस्कर गायिकेचा प्रश्न मात्र जुना आहे. उत्तर पेशवाईतले राम जोशी, होनाजी बाळा, प्रभाकर आपल्याला ठाऊक आहेत, कारण शाहीर शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफत असे. त्याच लावण्या पिढ्यान्‌पिढ्या गळ्यात जपणाऱ्या बायकांना असं कडवं मिळालं नाही. तमाशात शाहीर पठ्ठे बापूरावांसोबत गाजलेली पवळा आठवते, तशा फार थोड्या. वाईच्या लावणी गायिका यमुनाबाईंना पद्मश्री मिळाली २०१२ साली, नव्वदी केव्हाच उलटल्यावर.

माझं ते परीक्षण मी छापायला दिलं नाही. लावणीवर लिहायला निघालेल्या प्रत्येकाला एकच विनंती आहे. खेळ संपला की वहीत काही टिपण्याआधी मागे जा, गाणारीचं नाव विचारा आणि पहिल्याच परिच्छेदात ते लिहा.