फोर्कलिफ्टची बॅटरी : निगा
विजेवरच्या अनेक फोर्कलिफ्टमध्ये शिसे-आम्ल बॅटरी असते. २ व्होल्टचे २४ सेल जोडून ४८ व्होल्ट मिळतात. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील नागापूर, सुपा या औद्योगिक वसाहतींकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी गाठतो, तेव्हा सेलमधले पाणी झपाट्याने आटते. तिथे बोअरचे पाणी मुळीच घालू नये. त्यातले क्षार प्लेटांचे आयुष्य खातात. डिस्टिल्ड वॉटरच घालावे, तेही चार्जिंग पूर्ण झाल्यावर. आधीच काठोकाठ भरले तर आम्ल उतू जाते आणि टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर चढतो. प्लेटा उघड्या पडल्या असतील, तर मात्र त्या बुडण्यापुरते पाणी आधी घालावे. बॅटरी ८० टक्क्यांहून अधिक उतरवू नये. उतरलेली तशीच ठेवली, की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसते. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, म्हणून जागा हवेशीर असावी.