मंडई, दंडार आणि माणसांचा मेळ

आपल्या स्मरणिकेत उपवर वधू-वरांची यादी येते, गुणवंत विद्यार्थ्यांचे अभिनंदन येते, देणगीदारांची नामावली येते. ते सर्व उचितच आहे. परंतु ज्या काळी संघ नव्हता, स्मरणिका नव्हती आणि अक्षरओळख गावातील मोजक्याच माणसांस असे, त्या काळी झाडीपट्टीतील माणसे परस्परांशी कशी जोडली जात, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. एका शब्दात सांगावयाचे तर त्याचे उत्तर ‘मंडई’ असे आहे.

आपल्याकडे मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, हे भंडाऱ्याच्या वाचकास सांगावयास नको. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरू लागते. घरोघर पाहुणे उतरतात, लेकी माहेरी येतात, आणि बोलता बोलता सोयरिकीही जुळतात. 1 मे 1999 रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. परंतु मंडईने ती सीमा कधी मानली नाही. मराठी, हिंदी, पोवारी, गोंडी अशा विविध बोली बोलणारे लोक येथे एकत्र येतात. एवढ्या निरनिराळ्या माणसांना एका ठिकाणी धरून ठेवण्याचे कार्य केले ते दंडारीने आणि खडीगंमतीने.

दंडारीत गाणे, नाच व सोंग यांचा संगम असतो. प्रसंग घेऊन रंगणाऱ्या परसंगी दंडारीतील संवाद बहुधा पाठ केलेले नसत. समोरची मंडळी पाहून नट ते जागच्या जागी रचीत. खडीगंमतीचा शाहीरही ढोलकी-तुणतुण्याच्या साथीने कथा सांगताना श्रोत्यांच्या मुद्रा वाचीत असे. कोठे थांबावे, कोठे हसवावे, कोणता दुखरा भाग केवळ स्पर्श करून सोडून द्यावा, हे ज्ञान त्यास पुस्तकातून मिळालेले नव्हते. याच परंपरेच्या भूमीवर पुढे झाडीपट्टीचे नाटक उभे राहिले आणि 2023 साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्याने त्याची कीर्ती देशभर पसरली.

हीच कला शेजारच्या वऱ्हाडात श्री गाडगेबाबा (1876–1956) यांनी कीर्तनातून लोकोद्धारासाठी वापरली. बाबा केवळ उपदेश करीत नसत. ते श्रोत्यांस प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच मुखातून काढून घेत. कर्ज काढून सण करावा काय, देवापुढे मुका जीव मारावा काय, याचा निर्णय श्रोता स्वतःच्या तोंडाने देई. स्वतः दिलेला निर्णय मोडणे मनुष्यास जड जाते. बाबांच्या वाणीचे सामर्थ्य यातच होते.

या सामर्थ्याचा एक लहानसा अनुभव मी स्वतः घेतला आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी ज्या खेड्यात मी होतो, तेथे दोघा सख्ख्या भावांचे बांधीच्या पाण्यावरून वैर होते. कित्येक वर्षे त्यांचे बोलणे बंद होते. मंडईच्या रात्री शाहिराने एक सोंग आणले: आई आजारी आहे, आणि वैद्यास आणावयास आधी कोणी जावे यावर दोन भाऊ वाद घालीत बसले आहेत. प्रथम लोक पोट धरून हसले. मग सारा मांडव स्तब्ध झाला. शाहिराने कोणाचे नाव घेतले नाही, कोणाकडे पाहिलेही नाही. दुसऱ्या दिवशी थोरल्याच्या घरून धाकट्याकडे फराळाचे ताट गेले. तंटा त्याने मिटला नाही. त्यास पुढे रीतसर मोजणीच करावी लागली. परंतु मोजणीच्या वेळी दोघे भाऊ एका धुऱ्यावर उभे राहून बोलत होते, हे मी पाहिले आहे.

जुन्या मंडईत सर्व काही गोड होते असे मात्र नव्हे. गोष्ट एकच, परंतु ती ऐकावयास बसण्याच्या जागा जातीजातींच्या वेगळ्या, ही रीत अनेक गावांनी दीर्घकाळ पाळली. स्त्रियांनाही मागे बसावे लागे. एकत्र हसणारी माणसे एकत्र बसू शकत नसत, हा आपल्या इतिहासातील उणेपणा आपण ज्ञातिसंघाच्या लोकांनी तरी विसरू नये.

आज रस्ते झाले, घरोघरी दूरध्वनी खिशात आला. पाहुणा मात्र दुपारी येतो आणि सायंकाळी परततो. आजोबांनी बांधी कशी काढली, दुष्काळाच्या वर्षी कोणाच्या घरचे धान आपल्या चुलीस आले, हे नातवास ठाऊक नसते. ज्याचे ऋण ठाऊक नाही, त्याच्याशी नाते तरी कसे टिकावे?

म्हणून नम्र विनंती एवढीच की, येत्या मंडईस पाहुणे जमतील तेव्हा घटकाभर ओसरीवर बसावे. वडीलधाऱ्यांनी घराची गोष्ट सांगावी, लहानांनी प्रश्न विचारावेत, आणि कोणी एकाने ती वहीत उतरवून घ्यावी. त्या बैठकीस शेजारच्या आळीतील, दुसऱ्या जातीचा मनुष्यही बोलवावा. कारण आपल्या गोष्टीतील निम्मी पात्रे त्याच्याच घरची निघतील.